झेड दिसतो, पण सर्व्हरला नाही!

मुलांनो, कॉम्प्युटरवर ‘ड्राइव्ह सापडत नाही’ असं आलं की मोठी माणसंसुद्धा गडबडतात. कोणी वायर हलवतो, कोणी म्हणतो, ‘डिस्क गेली, फॉरमॅट मारा.’ थांबा! फॉरमॅट केलं तर नसलेलं नुकसान खरंच होऊन बसेल.

पाचोरा तालुक्यातल्या एका शाळेतली गोष्ट सांगतो. मुलांनी आपापल्या आज्यांकडून अहिराणी गोष्टी आणि ओव्या रेकॉर्ड करून आणल्या होत्या. त्या ठेवल्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर. वर्गातल्या कॉम्प्युटरवर त्या फोल्डरला ‘झेड’ हे अक्षर दिलं आणि एक सर्व्हर प्रोग्रॅम बसवला. सर्व्हर म्हणजे वाढपी. जो मागेल त्याच्या टॅबवर गोष्ट वाढायची. सरांनी तो हाताने सुरू केला तेव्हा सगळं झकास चाललं. मग रोजचा व्याप नको म्हणून त्याची ‘सर्व्हिस’ केली. सर्व्हिस म्हणजे कोणी पासवर्ड टाकून आत येण्याआधीच, पडद्यामागे आपोआप सुरू होणारा प्रोग्रॅम.

दुसऱ्या दिवशी एकही गोष्ट लागेना. झेड सापडत नाही म्हणे! सरांनी स्वतः उघडून पाहिलं तर झेड समोर, आत सगळ्या ओव्या जागच्या जागी. त्यातल्या एक आजी तर आता हयात नाहीत. त्यांची नात दाराशी उभी राहून विचारत होती, ‘सर, आजी गेली का त्यातनं?’

आजी कुठेच गेली नव्हती. झालं होतं ते असं.

घरात आपण कोणाला ‘बापू’ म्हणतो. घरच्यांना ते पुरतं. पण नव्या पोस्टमनला नुसतं ‘बापू’ लिहिलेलं पाकीट दिलं तर? त्याला मु. पो., तालुका, जिल्हा सगळं हवं. झेड हे असंच घरातलं नाव आहे. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीपासून नेटवर्कच्या फोल्डरला दिलेलं अक्षर ज्याने लॉग-इन केलं त्याच्यापुरतंच असतं. सर्व्हिस चालते वेगळ्या खात्यावर, बहुधा ‘लोकल सिस्टिम’ नावाच्या. तिला सरांचा झेड ठाऊकच नाही! (कॉम्प्युटरच्या स्वतःच्या डिस्कचं ‘सी’ मात्र सगळ्यांना दिसतं, बरं का.)

म्हणून प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये झेडऐवजी पूर्ण पत्ता लिहायचा: आधी दोन उलट्या तिरक्या रेघा, मग ऑफिसच्या कॉम्प्युटरचं नाव, पुन्हा एक रेघ, मग फोल्डरचं नाव.

पत्ता बरोबर असूनही दार उघडलं नाही, तर किल्लीचा प्रश्न. ‘सर्व्हिसेस’च्या खिडकीत त्या सर्व्हिसवर दोनदा क्लिक केलं की ‘लॉग ऑन’ असा भाग दिसतो. ऑफिसातला फोल्डर उघडायची परवानगी असलेलं खातं आणि पासवर्ड तिथे द्यायचा, आणि सर्व्हिस बंद करून पुन्हा चालू करायची. हे काम सरांना किंवा बाईंनाच करू द्या. शाळेत दोन्ही केल्यावर ओव्या लागल्या. नातीने एकच ओवी तीनदा ऐकली.

आणखी एक. लाइट जाऊन आली की दोन्ही कॉम्प्युटर एकदम उठतात. वर्गातली सर्व्हिस आधी तयार, ऑफिसचा कॉम्प्युटर अजून डोळे चोळतोय! पूर्वी पाचोऱ्याहून जामनेरला छोट्या रुळांची पीजे जायची; ती मेलची वाट न बघता सुटली असती तर उतारू फलाटावरच राहिले असते, तसंच हे. अशा वेळी दोन-चार मिनिटांनी सर्व्हिस पुन्हा सुरू करायची, नाहीतर तिला ‘डिलेड स्टार्ट’ लावून ठेवायचं.

आता पालकांसाठी: अशा रेकॉर्डिंगची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर जरूर ठेवा.

आणि मुलांनो, पहिली डिस्क ‘सी’, मग ‘ए’ आणि ‘बी’ कुठे गेले? घरी विचारून बघा. उत्तर पुढच्या आठवड्यात.