उसाच्या इंधनाचा हिशेब पूर्ण मांडा!



पेट्रोल पंपावर आता 'ई-२०' लिहिलेले असते. शंभर लिटर पेट्रोलमध्ये वीस लिटर इथेनॉल, असा त्याचा अर्थ. २०३० साठी ठरवलेले हे लक्ष्य केंद्र सरकारने २०२५ वर आणले आणि गाठलेही. हवामान बदलाविरुद्धचे मोठे यश म्हणून त्याचा गौरव होतो. या इथेनॉलचा मोठा वाटा उसातून येतो, आणि तो ऊस तोडायला बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणीची माणसे दरवर्षी घरांना कुलपे लावून बाहेर पडतात. कार्बन किती वाचला हे सरकार मोजते. फडात काय खर्ची पडले, ते कोण मोजणार?

जगासमोर काय कबूल केले?

२५ सप्टेंबर २०१५ रोजी संयुक्त राष्ट्रांत भारतासह १९३ देशांनी १७ शाश्वत विकास उद्दिष्टे स्वीकारली. त्यात हवामानासाठी कृती हे १३ वे. त्याच वर्षी डिसेंबरात हवामानविषयक पॅरिस करार झाला. ही सतरा उद्दिष्टे एकात्म आणि अविभाज्य आहेत, असे ती स्वीकारणाऱ्या ठरावातच म्हटले आहे. म्हणजे एक साधताना दुसरे मोडायचे नाही. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक उद्दिष्टाला वेगळे खाते, वेगळा अधिकारी, वेगळा अहवाल. इथेनॉलचे गुण एका खात्यात जमा होतात आणि त्याची किंमत दुसऱ्या पाच खात्यांत कुणाच्याच नावावर पडत नाही. ती किंमत आम्ही इथे मांडतो.

पाणी (उद्दिष्ट ६). उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, हे नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूर जगवावे लागले. त्याच मराठवाड्यात पुढे उसाचे क्षेत्र आणि गाळप वाढले.

आरोग्य आणि स्त्रिया (उद्दिष्टे ३ आणि ५). २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. फडावर संडास नाही, स्वच्छ पाणी नाही, पाळीतही सुट्टी नाही. खाडा झाला की पैसे कापले जातात. बाई दुखणे अंगावर काढते आणि शेवटी 'पिशवी' काढून मोकळी होते.

शिक्षण (उद्दिष्ट ४). शाळेचे दुसरे सत्र सुरू होते तेव्हा लेकरू आईबापाबरोबर खोपीवर असते. हंगामी वसतिगृहे कागदावर आहेत. पण हंगाम सुरू झाला तरी ती उघडलेली नसतील, तर आईने लेकराला कुणाकडे ठेवून जायचे?

सन्मानाचे काम (उद्दिष्ट ८). नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल (आगाऊ रक्कम) मुकादमाकडून घ्यायची आणि हंगामभर अंगमेहनतीने फेडायची. फिटली नाही तर पुढच्या वर्षी तोच मुकादम, तोच फड. कारखाना म्हणतो, मजूर आमचे नव्हेत. मुकादम म्हणतो, मी फक्त मध्यस्थ.

हवामान कुणालाच सोडत नाही

पाऊस हुकला की मराठवाड्यातल्या बालाघाटाच्या डोंगरावरची कोरडवाहू शेती बुडते आणि आणखी कोयते बाहेर पडतात. म्हणजे हवामानाने उठवलेलीच माणसे हवामान वाचवायच्या नावाखाली राबतात. आणि ज्या उसावर ही सारी योजना उभी आहे, तो तरी कुठे सुरक्षित आहे? २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ऊस कमी पडणार हे दिसताच त्याच डिसेंबरात केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले. पाण्याचा विचार न करता आखलेले हवामान धोरण पहिल्या मोठ्या दुष्काळातच लटपटले.

कुणी म्हणेल, मग कारखाने बंद करायचे काय? तसे आम्ही म्हणत नाही. इथेनॉलमुळे कारखान्याच्या हाती लवकर रोकड येते आणि ऊस उत्पादकाला उसाचा रास्त आणि किफायतशीर दर (एफआरपी) देणे सोपे होते, हे आम्हाला मान्य आहे. पण जो पैसा शेतकऱ्यापर्यंत पोहोचू शकतो, तो तोडणाऱ्यापर्यंतही पोहोचला पाहिजे. 'आधी इंधन, माणसांचे मागाहून' हा क्रम आम्हाला मान्य नाही.

आमच्या मागण्या

१. नवी डिस्टिलरी किंवा क्षमतावाढ मंजूर करण्याआधी त्या खोऱ्यातल्या पाण्याचा आणि तोडणी मजुरांच्या सोयींचा लेखी ताळेबंद ग्रामसभांपुढे ठेवा.

२. उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा २०१७ चा राज्य सरकारचा निर्णय अमलात आणा. अवर्षणप्रवण तालुक्यांत तूर, हरभरा, ज्वारीला हमखास खरेदी द्या, म्हणजे शेतकरी उसात अडकणार नाही.

३. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाला इथेनॉलच्या विक्रीतूनही वाटा द्या आणि जमा-खर्च दरवर्षी जाहीर करा.

४. प्रत्येक फडावर संडास, पिण्याचे पाणी आणि फिरता दवाखाना द्या. पाळीच्या आणि आजारपणाच्या खाड्याची कपात बंद करा. वसतिगृहे कोयता निघण्याआधी उघडा.

५. रोजगार हमी योजना महाराष्ट्राने देशाला दिली. बालाघाटात बांधबंदिस्ती, गाळ काढणे, झाडे लावणे ही कामे तिच्यातून हंगामाआधी सुरू करा. पाणी अडेल, मजुरी मिळेल, स्थलांतर घटेल. एका कामात अनेक उद्दिष्टे साधतील.

ग्रामसभेत या

शाश्वत विकास उद्दिष्टांच्या नऊ संकल्पनांवर ग्रामपंचायतीने विकास आराखडा करायचा असतो. जलसमृद्ध गाव, बालस्नेही गाव, महिलास्नेही गाव या त्यातल्याच. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला, गाव अजून भरलेले असताना, प्रत्येक कोयत्यातल्या दोघांनीही हजर राहा. पाणी, शाळा, दवाखाना आणि रोजगार यांचा एकच एकत्रित आराखडा मागा. ठराव लिहून घ्या, वाचून घ्या, मगच सही करा आणि प्रत आमदार-खासदारांना पाठवा. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारा: इथेनॉलच्या हिशेबात ऊसतोड बाईचे आरोग्य कोणत्या रकान्यात धरले आहे?

पृथ्वी वाचवण्याचे काम आमचेही आहे. त्यासाठी आम्ही घाम गाळू, पण आमच्या बायकांची शरीरे आणि लेकरांची शाळा त्यात घालणार नाही!

आपले,
बालाघाटातले ऊसतोड कामगार आणि कोरडवाहू शेतकरी