दोनाचा एक कार्ब्युरेटर
बार्शी-सोलापूर रस्त्यावरच्या आमच्या वैरागात गाडी घेताना पहिला प्रश्न असतो, "एव्हरेज किती देते?" १९८३ साली आलेली राजदूत ३५० मोटारसायकल तिथेच नापास झाली. दोन सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर, ३४७ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. ती पेट्रोल ढोसायची. मग 'दोन काढा, एकच बसवा' हा उपाय आला. त्यात तथ्य नाही असं नाही. दोन कार्ब्युरेटरचे स्लाइड एकदम, सारखेच उचलले गेले पाहिजेत; एक केसभर मागे राहिला तरी गाडी फडफडते. एकच असला की ही कटकट संपते. पण दोन तोंडांच्या मॅनिफोल्डमधून दोन्ही सिलिंडरना सारखं मिश्रण जायला हवं, जेट नव्याने जुळवायला हवेत आणि वरच्या वेगातला तो प्रसिद्ध झटका विसरायला हवा. तो घालवायचा तर ही गाडी ठेवायचीच कशाला, असं माझं मत. खरी मेख वेगळीच आहे. या गाडीच्या अ‍ॅक्सिलरेटरची केबल खाली फुटून दोन्ही कार्ब्युरेटरकडे आणि तिसरी ऑइल पंपाकडे जाते. घाईत तो पंप नीट जोडला नाही, तर तेलावाचून पिस्टन जाम होतो आणि वाचवलेल्या पेट्रोलच्या कितीतरी पट पैसे रिबोअरला जातात. तेव्हा बदल करायचाच असेल, तर मिस्त्रीला आधी पंपाची केबल दाखवायला सांगा. नंतर प्लग काढून बघा: कॉफीसारखा तपकिरी असेल तर ठीक, पांढराफटक असेल तर सोलापूरला एसटीने जा.