केसपेपरवर न येणारी गाय

लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणासाठी तळेगाव (श्यामजी पंत) इथं गेलो होतो, त्याला बरीच वर्षं झाली. आष्टी, आर्वी, कारंजा हा सारा पट्टा गवळाऊंचा. पांढरी, हलक्या बांध्याची, चालीला चपळ जनावरं आणि त्यांना पिढ्यान्‌पिढ्या जपणारे नंद गवळी. अकरा जनावरं खोड्यातून निघाली, बारावी गाय तोंडाशीच खिळली. शेपूट पिळून झालं, मागून रेटून झालं. शेवटी मालक म्हणाला, "थे बुजरी आहे जी, सायेब. जरासक थांबा." त्यानं खोड्याच्या नळीला अडकून वाऱ्यानं फडफडणारी प्लास्टिकची पिशवी काढून खिशात घातली. गाय आपसूक आत गेली. अकरा जनावरांना न खुपलेली पिशवी हिला खुपली होती. आमच्या नोंदवहीत मात्र बाराही जणींपुढं सारखीच खूण.

हे आठवायचं कारण म्हणजे शहरातल्या दवाखान्यांत हल्ली विचारला जाणारा प्रश्न: "डॉक्टर, आमच्या कुत्र्याला ऑटिझम असेल का?" मेंदूची घडण माणसामाणसांत वेगळी असते आणि वेगळी म्हणजे बिघडलेली नव्हे, हा न्यूरोडायव्हर्सिटीचा विचार १९९० च्या दशकाच्या अखेरीस रुजला. आता तो गोठ्यापर्यंत आला आहे.

प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. स्वतःचीच कूस चोखत बसणाऱ्या डॉबरमनांत सातव्या गुणसूत्रावरच्या सीडीएच२ या जनुकाशी संबंध आढळला, तो २०१० मध्ये. हेलसिंकीच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ११,००० हून अधिक कुत्र्यांची माहिती तपासली. अतिचंचलता आणि लक्ष न लागणं हे नरांत, तरुण कुत्र्यांत आणि घरी जास्त वेळ एकट्या राहणाऱ्यांत अधिक दिसलं. म्हणजे रक्तातलं किती आणि कोंडून ठेवल्याचं किती, हा गुंता तिथंही आहेच.

तरीही केसपेपरवर 'ऑटिझम' लिहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ते निदान माणसाच्या बोलण्यावागण्यावर बेतलेलं आहे. कुत्र्याला किंवा गाईला लावावी अशी मान्य कसोटी आपल्या हाती नाही. फरक मात्र खरा आहे, आणि तो आपल्याआधी गुराख्यांनी ओळखला. बुजरी, हेकट, ओढाळ, मारकी, पान्हा चोरणारी: एवढे नेमके शब्द आपल्या कुठल्या पाठ्यपुस्तकात आहेत? बैल घेताना कपाळावरचा भोवरा पाहणाऱ्या म्हाताऱ्यांना आपण कॉलेजात असताना हसलो. टेंपल ग्रँडिन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या अमेरिकी पशुशास्त्रज्ञ. त्यांनी १९९५ मध्ये १,५०० गुरांच्या पाहणीतून दाखवलं, की डोळ्यांच्या रेषेच्या वर भोवरा असलेली जनावरं खोड्यात जास्त बिथरतात. गर्भात त्वचा आणि मेंदू एकाच थरातून घडतात, हे त्यामागचं संभाव्य कारण. (भोवऱ्यावरून मालकाचं भाग्य सांगणं वेगळं, त्याला आजही हसायला हरकत नाही.) जमिनीवरची सावली, लोंबती साखळी, चकाकणारं डबकं गुरांना अडवतं, हेही त्यांनीच सांगितलं. जनावरं ऑटिस्टिक माणसासारखा विचार करतात, हा त्यांचा पुढचा दावा मात्र अनेक शास्त्रज्ञांना पटलेला नाही, आणि मलाही तो ताणलेला वाटतो.

एक धोका मोठा आहे. काल शांत असलेली गाय आज हंबरते, लाळ गाळते, अंगावर येते, तेव्हा तो स्वभाव नव्हे. पिसाळल्याचा संशय आधी घ्या आणि तोंडात हात घालू नका. गोल फिरणारं जनावर म्हणजे सर्रा, लिस्टेरिया, मेंढीत गिड. उगाच चाटत सुटलेली ताजी व्यायलेली गाय म्हणजे किटोसिस असू शकतो. आखूड दाव्याला दिवसभर बांधलेली गाय जीभ फिरवत बसली, तर दोष दाव्याचा. जन्मापासून तसंच वागणारं, खातंपितं, ताप नसलेलं जनावर उरलं, तरच 'वेगळं' म्हणा. मग औषध शोधू नका, खोडा बदला.

पुढच्या लसीकरणात एवढंच करा: बिल्ला क्रमांकापुढं एक रकाना जास्त आखा आणि मालकाला विचारून, त्याच्याच शब्दांत जनावराचा स्वभाव लिहा. भोवरा कुठं आहे तेही टिपा. गवळाऊ पट्ट्यातल्या मित्रांनी आपापल्या नोंदी आमच्याकडे पाठवाव्यात; मालकांची नावं वगळून आपण त्या छापू.