ऊसपट्ट्यातील हवा आणि गावाची मोजणी

भारतात हवेची मोजणी प्रामुख्याने शहरांतच होते. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९मध्ये सुरू झाला, तोही शहरांसाठीच. त्याच्या यादीत शेजारचे नाशिक आहे, छत्रपती संभाजीनगर आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील एकही शहर नाही. मग राहाता तालुक्यातील पुणतांब्यासारख्या गोदाकाठच्या गावाचा विचार कोण करणार? साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की या पट्ट्यात ऊस तुटलेल्या शेतांतून पाचट पेटवले जाते. हिवाळ्याच्या रात्री वारा पडतो, जमिनीलगतची हवा गार होऊन तिथेच अडकते आणि धूर घरांच्या उंचीवर पसरून राहतो. श्वास सगळेच घेतात, नोंद मात्र कुठेच होत नाही.

गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर जळक्या पाचटाचे काळे तंतू येऊन पडतात. तक्रार सहसा त्यांचीच होते, कारण ते डोळ्यांना दिसतात. फुप्फुसांत खोलवर शिरणारे कण निराळे. त्यांचा व्यास अडीच मायक्रॉन किंवा त्याहून कमी, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही लहान असतो. त्यांना पीएम २.५ म्हणतात. चोवीस तासांच्या सरासरीसाठी भारतीय मानकाची मर्यादा दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये १५ची शिफारस केली.

हे कण मोजणारा स्वस्त सेन्सर तळहातावर मावतो. छोटा पंखा हवा आत ओढतो, लेझरचा झोत कणांवर पडून विखुरतो आणि विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचे प्रमाण काढले जाते. संपूर्ण सरकारी केंद्राचा खर्च कोटीच्या घरात जातो. सेन्सर काही हजारांत येतो. पण त्याची एक खोड आहे. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि आकडा वाढतो. नदीकाठी, पाटपाण्याच्या उसाजवळ, पहाटे धुके असताना तर ही चूक हमखास होते. म्हणून शेजारी आर्द्रतामापक हवाच, आणि सेन्सर बसवण्याआधी काही आठवडे सरकारी यंत्राशेजारी ठेवून दोन्हींचे आकडे ताडून पाहावे लागतात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि आयआयटी कानपूर यांनी २०२०-२१मध्ये मुंबई परिसरात ४० सेन्सर मंडळाच्या केंद्रांशेजारी लावून हीच पडताळणी केली. हे काम टाळून मिळालेल्या आकड्यांवर भांडण उभे करणे गावाच्याच अंगलट येते.

लोकसहभागाचे जवळचे उदाहरण नवी मुंबईतल्या खारघरचे. तळोजा औद्योगिक वसाहतीकडून येणाऱ्या उग्र वासाबद्दल तिथले रहिवासी तक्रारी करत होते. वातावरण फाउंडेशन या संस्थेने परिसरात हवेची मोजणी केली आणि जानेवारी २०२१मध्ये पांढऱ्या गाळणीची मोठी कृत्रिम फुप्फुसे रस्त्याकडेला उभारली. मागे बसवलेले पंखे हवा ओढत होते. दहा दिवसांच्या आत फुप्फुसे काळी पडली. ही मोजणी नव्हे, हे खरे. पण तक्त्यातला आकडा ज्यांना कळत नाही, त्यांच्यापर्यंत विषय पोचला.

पुणतांब्यात शाळा, रेल्वे स्थानकाचा परिसर आणि मळ्यातील एखादी वस्ती अशा जागी, चुलीच्या धुरापासून दूर, माणसाच्या श्वासाच्या उंचीला सेन्सर लावता येतील. यंत्राइतकीच महत्त्वाची आहे वही. आग कोणत्या शिवारात, किती वाजता, वारा कुठून, हे विद्यार्थ्यांनी आणि शेतकऱ्यांनी रोज लिहायचे. संध्याकाळच्या तासाभराचा धूर चोवीस तासांच्या सरासरीत विरून जातो. वहीतली वेळ आणि सेन्सरचा मिनिटामिनिटाचा आलेख शेजारी ठेवला, की तोच तास स्पष्ट दिसतो. शेतकऱ्यांची नावे मात्र वहीत नकोत. पाचट पेटवणाऱ्यापुढे पुढच्या मशागतीची घाई असते आणि कुट्टी करायला यंत्र वेळेवर मिळत नाही. त्याला आरोपी केले तर मोजणी पहिल्याच हंगामात बंद पडेल.

हंगामाअखेरीस नोंदी ग्रामसभेपुढे ठेवाव्यात. १ जून २०१७च्या शेतकरी संपाची हाक याच गावातून गेली होती. एकत्र बसून ठराव करण्याची सवय इथे आहे. कोणत्या आठवड्यांत धूर सर्वाधिक होता हे आकड्यांनी कळले, की कुट्टीयंत्रे त्या आठवड्यांत कोणत्या शिवारांत लागतील हे ठरवून कारखान्याकडे आणि कृषी विभागाकडे नेमकी मागणी करता येते. कारखान्याच्या चिमणीबद्दल तक्रार असेल, तर त्याच नोंदी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जोडता येतात आणि मंडळाला स्वतःच्या यंत्राने तपासणी करायला सांगता येते.