काचेच्या बरणीतील बाग

पुढे दुकान आणि मागे राहते घर, ही कळंबसारख्या बाजारपेठेच्या गावातील व्यापारी कुटुंबांची जुनी रीत. अशा घराला अंगण नसते, गच्ची उन्हाने तापलेली असते आणि माणसे दिवसभर गिऱ्हाइकांत गुंतलेली असतात. तरीही डोळ्यांना थोडी हिरवळ हवीशी वाटते. मग पुण्याहून येताना सून किंवा नात एक काचेचे भांडे घेऊन येते. आत शेवाळाची मऊ गादी, दोन-तीन नाजूक रोपे आणि वर घट्ट झाकण. ‘याला काही करावे लागत नाही’, एवढेच विक्रेत्याने सांगितलेले असते. पुढे आषाढ येतो, काच दिवसभर धुरकट राहू लागते, कोपऱ्यात पांढरी बुरशी दिसते आणि घरातील आजी विचारतात, “चातुर्मासात हे कशाला वाढवायचे?” प्रश्न सुनेला लागतो, पण तो गैरलागू नसतो. त्याचे उत्तर भांडे फेकून देण्यात नाही, योग्य भांडे निवडण्यात आहे.

अशा काचेतील बागेला टेरॅरियम म्हणतात. तिचा शोध योगायोगाने लागला. लंडनचे डॉक्टर नथॅनियल बॅगशॉ वॉर्ड यांनी १८२९च्या सुमारास पतंगाचा एक कोश ओल्या मातीसह काचेच्या बाटलीत ठेवला होता. काही दिवसांनी त्या मातीतून नेच्याचे आणि गवताचे कोंब उगवले. दिवसा मातीतील व पानांतील पाण्याची वाफ होई, ती काचेवर जमे आणि थेंबांच्या रूपाने पुन्हा मातीत उतरे. ही रोपे जवळजवळ चार वर्षे जगली. १८३३मध्ये वॉर्ड यांनी अशाच काचपेट्यांतून रोपे लंडनहून सिडनीला पाठवली आणि ती जिवंत पोहोचली. पुढे १८४८ ते १८५१ या काळात रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधील चहाची रोपे याच पेट्यांतून हिमालयाच्या पायथ्याकडील मळ्यांसाठी भारतात आणली.

टेरॅरियमचे मुख्य प्रकार दोन. झाकणबंद भांडे मुदत ठेवीसारखे असते. एकदा ठेवले की वारंवार हात लावायचा नाही. त्यात फिटोनिया, पेपेरोमिया, लहान नेचे अशी ओलावा मानवणारी रोपे लावतात. उघड्या तोंडाच्या भांड्यात हॉवर्थिया, गॅस्टेरिया किंवा ठेंगणे स्नेक प्लांट अशी पानांत पाणी साठवणारी रोपे शोभतात. या दोन स्वभावांची रोपे एकाच भांड्यात लावू नयेत. एकाला पुरेल इतके पाणी दुसऱ्याला कुजवते.

जैन घरासाठी येथे आणखी एक विचार आहे. बंद भांड्याचा प्राण म्हणजे ओलावा, आणि ओलावा तेथे शेवाळ व बुरशी. शास्त्रांत यांची गणना अनंतकायात होते. शिवाय बुरशी खाण्यासाठी स्प्रिंगटेल नावाचे सूक्ष्म कीटक अशा भांड्यात मुद्दाम सोडण्याची पद्धत आहे. ज्या घरात पाणीही गाळून वापरले जाते, तेथे हे रुचणार नाही. मातीत जीव असतातच, त्यामुळे पूर्ण निर्जीव बाग संभवत नाही. पण उघडे, कोरडे भांडे निवडल्यास बुरशी, चिलटे आणि त्यांच्यावर औषध फवारण्याचा प्रसंग पुष्कळ टळतो. आजींच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथेच मिळते.

भांडे विकत आणण्याचीही गरज नाही. माळ्यावर पडून असलेली लोणच्याची रुंद तोंडाची काचेची बरणी उत्तम. मात्र तिच्यातील तेल व मीठ पूर्ण निघेपर्यंत ती गरम पाण्याने धुवावी. मीठ मुळांना मारक असते. तळाशी दोन बोटे धुतलेले खडे घालावेत. बरणीला छिद्र नसल्याने जास्तीचे पाणी बाहेर जात नाही. खड्यांत ते साचलेले निदान काचेतून दिसते. त्यावर जाळीदार कापड आणि मग माती. कळंब परिसरातील काळी माती कापसाला, सोयाबीनला चांगली. परंतु ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. म्हणून एक भाग मातीत किमान दोन भाग चाळलेली जाड वाळू मिसळावी. खताची गरज पहिले वर्षभर नाही. रोपे सावकाश वाढावीत, हेच येथे हिताचे.

रोपवाटिकेत रंगीत गुलाबासारखी दिसणारी एचेव्हेरिया मन वेधून घेते. पण तिला भरपूर ऊन लागते आणि घरात ती लांबट, फिकी होत जाते. घेताना पानांच्या बेचक्यांत कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण नाही, हे पाहावे. तीन रोपे पुरेत.

जागेच्या निवडीत सर्वाधिक चुका होतात. काच उष्णता कोंडून ठेवते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो, तेव्हा पश्चिमेच्या खिडकीत ठेवलेली बरणी दुपारभरात भट्टी होते. पत्र्याखालची खोलीही टाळावी. पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीजवळ, थेट ऊन न पडता उजेड मिळेल अशी जागा योग्य. माळवदाच्या घरात आत उजेड कमी असतो. तेथे पांढऱ्या एलईडी दिव्याखाली, हात-दीड हाताच्या अंतरावर, दहा तास ठेवले तरी चालते. दुकानाच्या गल्ल्याजवळचा दिवा तितका वेळ जळतोच.

पाण्याचा हिशेब काटेकोर हवा. लाकडी काडी मातीत खोलवर खुपसून पाहावी. ती कोरडी निघाली तरच दोन-तीन चमचे पाणी रोपाच्या बुंध्याशी घालावे. उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी आणि पावसाळ्यात महिन्याने एकदा बहुधा पुरते. बोअरचे पाणी क्षारयुक्त असल्यास ते टाळावे. छिद्र नसलेल्या बरणीत क्षार खर्ची पडत नाहीत. ते शिल्लक राहून साचत जातात. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी तर मुळीच घालू नये, कारण त्यात क्षार अधिक असतात. उकळून गाळलेल्या पाण्यातील काही क्षार तळाशी बसतात, सर्व नव्हे. साठवलेले पावसाचे पाणी सर्वांत चांगले.

मांजरेच्या काठच्या लोकांना पाण्याचे मोल सांगावे लागत नाही. २०१६मध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तो उन्हाळा कोणी विसरलेले नाही. अशा भागात ओळीने कुंड्या मांडताना मन कचरते. वर्षभरात दोन-तीन पेले पाण्यावर जगणारी बरणी त्या मनाला पटते.

घरात आधीच झाकणबंद भांडे असेल, तर तेही टाकू नये. सकाळी काचेवर हलके धुके येऊन दुपारपर्यंत विरले, तर ओलावा योग्य आहे. दिवसभर थेंब ओघळत असतील, तर काही तास झाकण उघडे ठेवावे, पिवळी पाने चिमट्याने काढावीत आणि पाणी थांबवावे. नवे भांडे मात्र पावसाळ्यात लावू नये. दिवाळीनंतरची कोरडी हवा त्यासाठी बरी.

शिखरजीच्या यात्रेला किंवा लग्नकार्याला घर दहा-पंधरा दिवस बंद राहणार असते, तेव्हा निघण्याच्या घाईत कोणीतरी मायेने बरणीत तांब्याभर पाणी ओतते. तेच तिचा घात करते. वॉर्ड यांची ती चार वर्षे जगलेली रोपेही तहानेने मेली नाहीत. ते घरी नसताना बाटलीचे झाकण गंजले, पावसाचे पाणी आत शिरले आणि रोपे गेली. म्हणून निघताना बरणी खिडकीपासून थोडी आत सरकवावी आणि पाणी न घालता कुलूप लावावे.