पाय टेकायचा कुठं?

आपला जालना जिल्हा मोसंबीचा! म्हणून परवा ग्रह शिकवताना मी वर्गात मोसंबीच नेली. मोसंबी म्हणजे गुरू मानला, तर आपली पृथ्वी केवढी? तुरीच्या दाण्याएवढी! शनी म्हणजे जरा लहान मोसंबी आणि युरेनस, नेपच्यून ही दोन टपोरी बोरं.

तेवढ्यात मागून प्रश्न आला, "बाई, गुरूवर यान उतरवायचं कुठं?"

"जमिनीवर," मी बोलून गेले आणि लगेच जीभ चावली. कारण या चारही ग्रहांना जमीनच नाही! गुरू आणि शनी मुख्यतः हायड्रोजन व हेलियमचे. युरेनस, नेपच्यूनवर वरती हेच वायू, आत मात्र पाणी, अमोनिया, मिथेन यांचा तापलेला, दाट साठा. खाली जावं तसा दाब वाढतच जातो. १९९५ साली गॅलिलिओ मोहिमेतलं एक छोटं यान गुरूच्या ढगांत शिरलं. पॅराशूटला लटकत ते सुमारे तासभर माहिती पाठवत होतं. मग उष्णतेनं नि दाबानं ते गप्प झालं. तळ काही लागला नाही.

एवढे अगडबंब, पण भिरभिरतात किती! गुरूचा दिवस-रात्र मिळून दहा तासांच्या आत संपतो, शनीचा साडेदहा तासांत. त्यामुळं दोघंही कमरेत फुगलेत, मोसंबीसारखेच.

आणि कडी? ती फक्त शनीला, असं घरी कुणी सांगितलं तर ही गोष्ट सांगा. १० मार्च १९७७ ला युरेनस एका ताऱ्यासमोरून जाणार होता. तारा झाकला जाण्याआधीच मधूनमधून मंद झाला, नंतरही तसंच! आपल्या तामिळनाडूतल्या कवलूरहूनही तेव्हा वेध घेतले होते. तारा झाकत होती ती युरेनसची बारीक कडी. पुढं व्हॉयेजर यानांनी १९७९ मध्ये गुरूची आणि १९८९ मध्ये नेपच्यूनची कडी दाखवली.

चंद्रांचं तर विचारूच नका. बुध ते मंगळ या चौघांचे मिळून तीन, एकट्या शनीचे दोनशेच्या वर!

"मग बाई, चंद्रावर उतरू की!" तोच मुलगा म्हणाला. अगदी बरोबर. १४ जानेवारी २००५ ला हायगेन्स यान शनीच्या टायटन या चंद्रावर उतरलं. तिथं जमीन आहे.

गुरू आणि शनी मग आम्ही सोलून खाल्ले.