विश्लेषण : झुंडीला रोखणारे कायदे आहेत, मग अडते कुठे?

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये देशभरातून तरुण नोकरीसाठी येतात. त्यांची भाषा, धर्म, जन्मगाव वेगवेगळे. अशाच संगणक क्षेत्रात काम करणाऱ्या एका तरुणाचा शहराच्या दुसऱ्या टोकाला, हडपसरमध्ये, २ जून २०१४ रोजी झुंडीने जीव घेतला. त्या खटल्यातून पुढे आलेले प्रश्न आजही कायम आहेत.

हडपसरमध्ये काय घडले?

छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी छायाचित्रे फेसबुकवर पसरल्याने पुण्यात तणाव होता. मूळ सोलापूरचा मोहसीन शेख रात्री नमाज पढून परतत असताना त्याच्यावर हल्ला झाला. त्या छायाचित्रांशी त्याचा काहीही संबंध नव्हता. या प्रकरणी हिंदू राष्ट्र सेनेचा प्रमुख धनंजय देसाई याच्यासह अनेकांना अटक झाली.

खटल्याचे काय झाले?

मृताचा दोष एवढाच, की तो दुसऱ्या धर्माचा होता, असे सांगत मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तीन आरोपींना जामीन देताना ही बाब त्यांच्या बाजूने धरली. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. पुढे जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने देसाईसह आरोपींची पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता केली. तोवर साडेआठ वर्षे उलटली होती.

कायद्यात काय बदलले?

प्रत्येक जिल्ह्यात झुंडबळी रोखण्यासाठी वरिष्ठ पोलीस अधिकारी नेमावा आणि खटले शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढावेत, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये दिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) नुसार पाच किंवा अधिक जणांनी जात, समुदाय, जन्मस्थान, भाषा आदी कारणांवरून खून केल्यास प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते. परप्रांतीय मनुष्यबळावर चालणाऱ्या हिंजवडीसारख्या भागासाठी यातील ‘जन्मस्थान’ आणि ‘भाषा’ हे शब्द महत्त्वाचे आहेत.

मग अडते कुठे?

कलम कितीही कठोर असले, तरी शिक्षा होते ती पुराव्यावर. झुंडीत नेमका वार कोणी केला, हे सांगायला साक्षीदार लागतो आणि त्याला त्याच वस्तीत राहायचे असते. साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्येच मान्यता दिली आहे. चिथावणी देणाऱ्यांवर तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवा, असेही २०२३ मध्ये बजावले आहे. पहिल्या काही तासांतील पोलिसी तत्परता आणि साक्षीदाराला मिळणारा आधार, या दोन गोष्टी साधल्या तरच कट्टरतेला जरब बसेल. अन्यथा कायदा पुस्तकात राहील आणि झुंड रस्त्यावर.